पीएल वाढवूनही सिनेबेंचचा स्कोअर का वाढत नाही? कोकणातल्या उकाड्यासाठी एक उत्तर

मालवणहून एका फोटो-व्हिडिओवाल्या मित्राने विचारलंय. त्याच्याकडे आय7-13700के प्रोसेसर, बी760 मदरबोर्ड, 240 मिलिमीटरचा लिक्विड कूलर, आरटीएक्स 4070 ग्राफिक्स कार्ड आणि 1 केव्हीएचा यूपीएस आहे. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, पाण्याच्या कूलरचा पर्याय निवडला आणि पॉवर लिमिट (पीएल, म्हणजे प्रोसेसरला किती वॅट खाऊ द्यायचे ती मर्यादा) 4096 वॅट झाली. तरी सिनेबेंच आर23 या प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या चाचणीत पहिली फेरी बरी जाते, दहा मिनिटांची चाचणी लावली की स्कोअर 28 हजारांच्या खाली येतो. पुण्यातल्या मित्राचा हाच प्रोसेसर आरामात 30 हजारांपुढे जातो. शेवटी लिहिलंय, "पीएल आणखी वाढवू की कूलर बदलू, काय ता सांगा."

दोन्ही नको. पीएल खाली आणा आणि व्होल्टेज कमी करा. कूलरचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. आता कारण सांगतो, कारण ते कळल्याशिवाय बायोसमध्ये हात घालण्यात अर्थ नाही.

4096 वॅट हा आकडा खरा नव्हे. कुठलाही डेस्कटॉप प्रोसेसर तेवढं खात नाही. बोर्डाने फक्त "मर्यादा नाही" असं दुसऱ्या शब्दांत सांगितलंय. इंटेलच्या कागदावर 13700के ची बेस पॉवर 125 वॅट आणि कमाल टर्बो पॉवर 253 वॅट आहे. ढोबळमानाने पहिला आकडा पीएल1, म्हणजे दीर्घकाळ चालणारी मर्यादा, आणि दुसरा पीएल2, म्हणजे थोड्या वेळाची. या दोहोंच्या मध्ये टाउ नावाची एक वेळ असते, आणि सगळा गोंधळ तिच्यापाशी होतो.

टाउ म्हणजे गच्चीवरची टाकी समजा. नळ सोडला की सुरुवातीला पाणी पीएल2 च्या जोराने येतं. टाकी रिकामी झाली की विहिरीचा पंप देईल तेवढंच येतं, तो पीएल1. टाकी किती वेळ पुरेल हे नळ उघडण्याआधी ती किती भरलेली होती त्यावर ठरतं. म्हणून टाउ 56 सेकंद लिहिलं म्हणजे 56 सेकंद टर्बो मिळतो असं नाही. प्रोसेसर वापराची चालती सरासरी धरतो. मशीन 15 वॅटवर निवांत बसलेलं असताना 125, 253 आणि 56 या सेटिंगवर पूर्ण लोड दिला तर साधारण 35 सेकंदांत सरासरी पीएल1 ला टेकते आणि घड्याळ (क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग) खाली येतं. आय7-12700 सारख्या बिन-के (नावात के नसलेल्या) प्रोसेसरला 65, 180 आणि 28 असे आकडे आहेत. तिथे हा खेळ जेमतेम 10 सेकंदांत आटोपतो. "सुरुवातीला पळतो आणि मग बसतो" ही बिन-के प्रोसेसरवाल्यांची तक्रार बहुतेक वेळा इथली असते, आणि ती बिघाड नसते.

तुमच्याकडे मात्र टाउचा प्रश्नच नाही, कारण तुम्ही मर्यादाच काढून टाकली. तरी स्कोअर पडतो, म्हणजे अडवणारं दुसरंच काही आहे. एचडब्ल्यूइन्फो हा मशीनच्या आतले आकडे दाखवणारा प्रोग्रॅम उघडून परफॉर्मन्स लिमिट रीझन्सचा भाग बघा. माझ्या अंदाजाने तिथे पॉवरच्या ओळीला "नाही" आणि थर्मलच्या ओळीला "हो" दिसेल. 13700के 100 अंशांना पोचला की स्वतःच घड्याळ तोडतो. तोडलं की जरा थंड होतो, मग परत चढतो, परत तोडतो. या वरखाली करण्यात चिप बराच वेळ सगळ्यात महागड्या व्होल्टेजवर बसते आणि त्या बदल्यात काम मिळत नाही.

आता पुण्याच्या मित्राचं. कूलर हवेला शून्य अंश करत नाही, तो खोलीच्या तापमानावर ठराविक अंश चढवून देतो. एखाद्या वॅटेजला 24 अंशांच्या खोलीत प्रोसेसर 90 ला थांबत असेल तर तोच, त्याच पंख्यांवर, 34 अंशांच्या खोलीत 100 ला जाऊन आदळतो. आपल्याकडे मार्च ते मेमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये स्लॅबच्या घरात दुपारी खोली 33-34 ला सहज असते, आणि किनाऱ्यावर रात्रीही फारशी उतरत नाही. पुण्यात निदान मध्यरात्रीनंतर खिडकी उघडून बेंचमार्क मारता येतो. तेव्हा त्याच्या आणि तुमच्या स्कोअरची तुलना करण्याआधी दोघांच्या खोलीचं तापमान विचारा. तो एसीत बसून चाचणी करत असेल तर विषयच संपला.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो, कारण तो रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत सगळीकडे ऐकू येतो: "दमट हवेमुळे सीपीयू तापतो." दमटपणाने माणूस घामाघूम होतो, हीटसिंकला घाम येत नाही. रेडिएटरला फरक पडतो तो हवेच्या तापमानाने आणि हवेच्या प्रवाहाने. दमटपणाचं खरं नुकसान वेगळं आहे. खारी हवा आणि जांभ्याची बारीक लाल धूळ मिळून रेडिएटरच्या पत्र्यांवर एक चिकट थर बसतो. नुसत्या ब्लोअरने तो निघत नाही, मऊ ब्रशने झाडावा लागतो. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असाल तर स्क्रू गंजतात, रॅमचे पाय काळवंडतात. वर्षभर न झाडलेल्या रेडिएटरवर पॉवर लिमिट ट्यून करत बसणं म्हणजे वेळेची नासाडी. आधी सफाई करा, मग मोजमाप.

मोजायचं कसं? बायोसच्या डीफॉल्टवर या, रॅमचं एक्सएमपी (तिला जाहीर वेगावर चालवणारं सेटिंग) चालू ठेवा, दारं-खिडक्या रोज काम करताना असतात तशाच ठेवा आणि टेबलावर एक साधा थर्मामीटर ठेवा. सिनेबेंच आर23 दहा मिनिटांच्या पर्यायावर चालवा. एकट्या फेरीचा स्कोअर दाखवायला बरा, पण त्यात कूलरचं पाणी तापायच्या आत चाचणी संपते. एचडब्ल्यूइन्फोमध्ये चार गोष्टी बघा: सीपीयू पॅकेज पॉवर, सगळ्यात गरम कोअर, व्हीकोअर (कोअरला प्रत्यक्ष मिळणारं व्होल्टेज) आणि इफेक्टिव्ह क्लॉक (प्रत्यक्ष काम होतं तो वेग). या चौथ्याकडे लोक दुर्लक्ष करतात. टास्क मॅनेजर 5.3 गिगाहर्ट्झ दाखवतो म्हणून काम 5.3 ने होतंच असं नाही. इफेक्टिव्ह क्लॉक खोटं बोलत नाही, आणि पुढे व्होल्टेज कमी करताना तेच उपयोगी पडणार आहे.

व्होल्टेजवर इतका भर का, तर उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेच घड्याळ 1.30 व्होल्टऐवजी 1.22 व्होल्टवर चालवलं तर हिशेबाने सुमारे 12 टक्के उष्णता कमी. एका मेगाहर्ट्झला हात लावलेला नाही. उलट बाजूने बघा: शेवटचे एकदोनशे मेगाहर्ट्झ मिळवायला व्होल्टेज इतकं चढवावं लागतं की वॅट भराभर वाढतात आणि स्कोअर मुंगीच्या पावलाने. या पिढीच्या प्रोसेसरवर पॉवर अर्ध्यावर आणली तरी स्कोअरचा तीन चतुर्थांशाहून बराच जास्त भाग हातात राहतो. 253 वरून 200 ला आलात तर नुकसान थोडक्या टक्क्यांचं असतं. व्होल्टेज कमी करून आलात तर बहुधा तेही भरून निघतं, आणि तुमच्यासारखा प्रोसेसर 100 अंशांना धडकत असेल तर स्कोअर वरच जातो.

बायोसला हात लावायच्या आधी एक काम राहिलंय. तुमचा प्रोसेसर 13 व्या पिढीचा आहे. 13 व्या आणि 14 व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेज आणि तापमानामुळे चिप आतून झिजायचं प्रकरण 2024 मध्ये गाजलं. इंटेलने ऑगस्ट 2024 मध्ये 0एक्स129 हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं, बायोसबरोबर येणारं सॉफ्टवेअर) दिला, त्याने 1.55 व्होल्टच्या वरची मागणी रोखली. त्यानंतर सप्टेंबरमध्ये 0एक्स12बी आला. तुमच्या बोर्डाच्या बायोसमध्ये यातला दुसरा किंवा त्याच्या पुढचा मायक्रोकोड हवाच. झालेली झीज त्याने भरून येत नाही, पुढची थांबते. विनाकारण अॅप बंद पडणं, गेम उघडताना व्हिडिओ मेमरी संपल्याचा खोटा संदेश येणं, असं डीफॉल्टवरही होत असेल तर ट्यूनिंग सोडा आणि वॉरंटीचं बघा. या प्रोसेसरसाठी इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवलेली आहे. बायोस टाकताना यूपीएसची बॅटरी धड आहे ना ते तपासा. जूनमध्ये ढग गडगडत असताना दुपारी बायोस फ्लॅश करायला घेणारे लोक मी पाहिलेत. त्यांना काय म्हणावं!

आता व्होल्टेज. बी760 वर मल्टिप्लायर (घड्याळ वाढवायचं सेटिंग) बंद असला तरी के प्रोसेसरचं व्होल्टेज खाली आणायचे दोन मार्ग बहुतेक बोर्डांवर असतात. पहिला सरळ ऑफसेट, म्हणजे व्होल्टेजमधून ठराविक आकडा वजा करणं: अॅडॅप्टिव्ह किंवा ऑफसेट मोडमध्ये उणे 0.030 पासून सुरुवात करा, मग उणे 0.050, आणि पुढे दहा-दहा मिलीव्होल्टच्या पायऱ्यांनी. दुसरा मार्ग एसी लोडलाइन. लोड आल्यावर बोर्डावर व्होल्टेज किती घसरेल याचा अंदाज या आकड्याने प्रोसेसरला कळतो आणि तो तेवढं जास्त मागून घेतो. या चिपसाठी कमाल आकडा 1.1 मिलीओहम आहे. काही बोर्डं सगळ्या चिपा चालाव्यात म्हणून तो गरजेपेक्षा बराच वर ठेवतात. तो टप्प्याटप्प्याने खाली आणला की पूर्ण लोडवरचं व्होल्टेज खाली येतं. काही बोर्डांत तो 110 असा लिहिलेला असतो, काहींत लाइट लोड या नावाने क्रमांक असतात. मला स्वतःला हा दुसरा मार्ग आवडतो, कारण त्याचा परिणाम जड लोडवर जास्त आणि हलक्या लोडवर कमी होतो. आपली अडचण जड लोडचीच आहे.

इथे एक सापळा आहे. सीईपी, म्हणजे करंट एक्सकर्शन प्रोटेक्शन. प्रोसेसरने मागितलं त्यापेक्षा व्होल्टेज बरंच कमी आलं असं त्याला वाटलं की तो आतल्या आत घड्याळ ताणतो. वर दिसतो 5.3 गिगाहर्ट्झ, तापमान झकास खाली आलेलं, वॅट कमी, आणि स्कोअर मात्र धाडकन पडलेला. माणूस खूश होतो की अंडरव्होल्ट जमलं, आणि मग डोकं खाजवतो. म्हणून इफेक्टिव्ह क्लॉक बघा म्हटलं. तो दिसणाऱ्या घड्याळापेक्षा बराच खाली असेल तर सीईपी जागा झालाय. बायोसमध्ये आयए सीईपी बंद करायचा पर्याय असेल तर बंद करा. काही बी760 बोर्डांवर तो पर्यायच नसतो. तिथे ताणणं सुरू होण्याआधी जेवढं उतरता येतं तेवढ्यावर समाधान मानायचं.

वॅटच्या आकड्याबद्दलही सावध राहा. पॅकेज पॉवर हा प्रोसेसरचा स्वतःचा हिशेब असतो, मीटरचं रीडिंग नव्हे. डीसी लोडलाइन (या हिशेबात धरलेला व्होल्टेज घसरण्याचा आकडा) चुकीची असेल तर तो हिशेब खोटा येतो, आणि 200 वॅट दिसताना प्रत्यक्षात जास्त किंवा कमी जात असतात. पूर्ण लोडवर व्हीआयडी (प्रोसेसरने मागितलेलं व्होल्टेज) आणि व्हीकोअर एकमेकांच्या जवळ असतील तर आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. लांब असतील तर दुसऱ्या कुणाच्या "मी 180 वॅटवर 30 हजार काढले" या गोष्टीची आणि तुमच्या मशीनची तुलना करू नका. अशा निम्म्या गजाली या एका सेटिंगवर उभ्या असतात.

व्होल्टेज स्थिरावलं की पीएल ठरवायचा. हे उलट्या दिशेने करा. पीएल1 आणि पीएल2 दोन्ही 253 ला ठेवून दहा मिनिटं चालवा आणि कोअर 100 ला लागतोय का बघा. लागत असेल तर दोन्ही 10-10 वॅटने खाली आणत जा. दुपारच्या गरम खोलीत सगळ्यात तापलेला कोअर 90-92 च्या आसपास थांबेल ती जागा तुमची. 240 च्या कूलरवर आणि आपल्या हवेत ती 190 ते 215 च्या दरम्यान सापडेल असं मी धरतो, पण चिपचं नशीब, पेस्ट आणि प्रोसेसर सॉकेटमध्ये किती वाकलाय यावर ती सरकते. एलजीए1700 या तुमच्या सॉकेटची कडी प्रोसेसरला मधोमध किंचित वाकवते. त्या कडीऐवजी कॉन्टॅक्ट फ्रेम बसवल्याने काही मशीनमध्ये चांगला फरक पडतो, काहींत जवळजवळ काहीच नाही. पंप उघडून पेस्ट बदलायची वेळ आलीच तर तेव्हा बसवा, एरवी मुद्दाम नको.

पीएल1 आणि पीएल2 वेगळे ठेवू का, असाही प्रश्न येतो. तुम्ही लग्नाचे व्हिडिओ रेंडर करता, तासन्‌तास लोड असतो, तेव्हा दोन्ही सारखे ठेवा आणि टाउ विसरून जा. गीकबेंच 6 सारख्या, मध्ये दम खाणाऱ्या छोट्या चाचण्यांत पीएल2 मोठा ठेवल्याचा फायदा होतो, पीएल1 ला तिथे फारसं काम नसतं. ब्लेंडर आणि सिनेबेंचच्या लांब चाचणीत बरोबर उलट. सिंगल-कोअर स्कोअर मात्र कुठल्याच पीएलने हलत नाही, एका कोअरच्या लोडवर चिप 253 च्या जवळपासही नसते. गेमिंगचंही बऱ्यापैकी तसंच. गेमसाठी पीएल वाढवणाऱ्यांना मी ते पैसे आणि तो उत्साह रॅमवर खर्च करा म्हणतो.

बोर्डाकडे एक नजर टाका. स्वस्त बी760 बोर्डांवर व्हीआरएमला, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या बोर्डावरच्या भागाला, धड हीटसिंक नसते. साध्या एअर कूलरचा पंखा निदान सॉकेटच्या आजूबाजूला वारा घालतो. लिक्विड कूलर लावला की तिथली हवा थांबते. व्हीआरएम तापला की तोही प्रोसेसरला ब्रेक लावतो, आणि तो ब्रेक थर्मल थ्रॉटलिंगपेक्षा जोरात बसतो, घड्याळ एकदम खाली. एचडब्ल्यूइन्फोमध्ये व्हीआरएम किंवा मॉस नावाचं तापमान 100 च्या घरात दिसलं तर मागे किंवा वर एक पंखा वाढवा. दोनतीनशे रुपयांत काम होतं.

आणि यूपीएस. तुमच्या प्रश्नात तो सहज लिहून टाकलाय, मला तोच जास्त खटकला. 1 केव्हीएचे घरगुती यूपीएस साधारण 600 वॅटचे असतात, 600 व्हीए वाले 360 वॅटचे. तुमचा हिशेब: प्रोसेसर 253, ग्राफिक्स कार्ड 200, बाकी सगळं मिळून 60, एकूण 513. एसएमपीएस (मशीनचा पॉवर सप्लाय) 90 टक्के कार्यक्षम धरला तरी भिंतीतून 570 वॅट, आणि मॉनिटर त्याच यूपीएसवर असेल तर तो वेगळा. मर्यादा काढलेली असताना 13700के 253 वर थांबेलच असंही नाही. रेंडर चालू असताना वीज गेली, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती जातेच, की यूपीएस ओव्हरलोड होऊन सरळ बंद. बॅटरी असून नसल्यासारखी. पीएल 190 ला आणला तर भिंतीतला आकडा 500 वर येतो आणि यूपीएसला श्वास घ्यायला जागा राहते. शेजारच्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर व्होल्टेज खाली बसत असेल तर चांगला एसएमपीएस ते सांभाळून घेतो, तो जास्त अँपिअर ओढतो इतकंच. तेव्हा एक्स्टेन्शन बोर्ड आणि पिना गरम होत नाहीत ना, हे हाताने चाचपून बघा.

एएमडीवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडक्यात. एएम5 या त्यांच्या सॉकेटवर 65 वॅटच्या प्रोसेसरची खरी मर्यादा, म्हणजे पीपीटी, 88 वॅट असते. 105 वाल्यांची 142, आणि 7950एक्स सारख्या 170 वाल्यांची 230. रायझन 7000 मालिकेतले एक्स प्रोसेसर 95 अंशांना जाऊन तिथेच चालावेत असे घडवलेले आहेत, त्याला घाबरू नका. तरीही आपल्या हवेत पीपीटी वाढवण्यात हशील नाही. कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज खाली आणायचं त्यांचं सेटिंग) उणे 15 पासून सुरू करा आणि पीबीओ या बूस्टच्या मेनूत तापमानाची मर्यादा 85 लावा. 7950एक्स ला 105 चा इको मोड (कमी वॅटचं तयार सेटिंग) दिला तरी बहुतेक कामांत फरक कळत नाही.

सगळं झाल्यावर सिनेबेंच पास झाला म्हणजे मशीन स्थिर झालं असं धरू नका. वाय-क्रंचर आणि ओसीसीटी या जड ताण देणाऱ्या चाचण्या प्रत्येकी तासभर चालवा, मग एखादा खरा प्रोजेक्ट एक्सपोर्ट करा. त्याहून महत्त्वाचं, मशीन दोन दिवस नुसतं वापरा: ब्राउझर, फोल्डर, स्लीपमधून उठवणं. जास्त अंडरव्होल्ट केलेली चिप पूर्ण लोडवर टिकते आणि हलक्या लोडवर एका कोअरने वर उडी मारताना कोसळते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नावाची (हार्डवेअरच्या चुकीची) एकही नोंद दिसली तर 10 ते 15 मिलीव्होल्ट परत द्या.

तुमच्यासाठी सुरुवातीचं सेटिंग म्हणून हे धरा: नवं बायोस, पीएल1 आणि पीएल2 दोन्ही 200, करंटची मर्यादा 307 अँपिअर, ऑफसेट उणे 0.050, सीईपीचा पर्याय असेल तर बंद. रेडिएटर झाडून दुपारी दोनला दहा मिनिटांची चाचणी लावा. इफेक्टिव्ह क्लॉक, व्हीकोअर आणि खोलीचं तापमान लिहून घ्या, आणि बोर्डाचं नेमकं मॉडेल कळवा, म्हणजे एसी लोडलाइन त्याच्या बायोसमध्ये कुठल्या मेनूत आहे ते सांगता येईल.